पोचल्याचं कळव

होळी होऊन तीन दिवस झाले होते. दाभोळला बहिणीकडे गेले होते, ती संध्याकाळच्या फेरीबोटीनं परत येत होते. गाडीच्या मागच्या सीटवर नारळ, अबोलीचे वळेसर, खण आणि ओटीचं बाकीचं सामान. रात्री पालखी आमच्या वाडीत यायची होती आणि घरात मुंबईहून आलेली बारा माणसं माझी वाट बघत होती. बोटीत माझ्या गाडीच्या पुढेच एक सायकल उभी होती. दोन्ही चाकांना पिशव्या अडकवलेल्या, मागे गुंडाळलेली चटई. सायकलवाला तिशीतला असेल. नाकाची साल उन्हानं गेलेली, मानेवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिकडे तोंड करून तो कठड्याला रेलून उभा होता. त्या वेळेला खाडीचं पाणी तांब्याच्या पराती‌सारखं दिसतं. तो ते इतक्या शांतपणे बघत होता, की मीही दोन मिनिटं बघत राहिले. रोजचं पाणी, पण दुसरा बघतो तेव्हा आपणही बघतो.

धोपाव्याला बोट लागली. फळी खाली आली, गाड्या एकेक करून बाहेर पडल्या. तो माझ्या खिडकीशी आला. 'मॅडम' म्हणाला, आणि तोडक्या इंग्रजीत विचारलं, की एका रात्रीपुरता कुणाच्या अंगणात तंबू लावता येईल का. पोलंडचा होता. दिवसभर चढ-उतार झाले, आता पायांत जोर नाही, पहाटे उठून निघून जाईन, असं म्हणाला. मी घड्याळाकडे बघितलं. "गुहागरला लॉज आहेत," मी म्हटलं, "पंधरा-वीस किलोमीटर. सरळ रस्ता." त्यानं हात जोडले, हसला, आणि बाजूला झाला. मी गाडी चढणीला घातली. आरशात दिसलं, की तो बाटलीतलं उरलेलं पाणी पितोय आणि मान वर करून चढाकडे बघतोय. वळण आलं आणि आरसा रिकामा झाला.

रात्री पालखी आली. ढोलाचा आवाज आधी पलीकडच्या सड्यावरून ऐकू येतो, मग वारा फिरला की गप्प होतो, मग एकदम फाटकातच वाजायला लागतो. पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर मी पाणी घातलं. ओटी भरली. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं: गावाबाहेर पोटापाण्यासाठी गेलेल्या लेकरांना सुखरूप ठेव, वाटेत आडव्या येणाऱ्याला दूर कर. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले, मीही म्हणाले. तेव्हा माझ्या हातातला तांब्या रिकामा होता आणि मला आठवत होती ती आरशातली पाण्याची बाटली.

माझ्या अंगणात त्या रात्री पन्नास माणसं मावली होती.

घरात एकट्या बाईनं अनोळखी पुरुषाला थारा द्यावा का, हा प्रश्न खरा आहे, आणि इतर कुठल्या दिवशी मी तो स्वतःला विचारला असता तर त्यात काही गैर नव्हतं. पण त्या दिवशी घर भरलेलं होतं. भीती नव्हती, घाई होती. आणि 'नाही' म्हणणं 'हो' म्हणण्यापेक्षा एका वाक्यानं लहान पडलं, इतकंच. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी विसरूनही गेले असते. मला ते विसरता येत नव्हतं, कारण 2018 साली मी स्वतः सव्वादोन महिने परक्या मुलखात एकटी फिरले होते आणि त्यातल्या कितीतरी रात्री कुणाच्या तरी 'हो'वर काढल्या होत्या.

सत्तावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. काळा समुद्र फळ्यावर निळ्या खडूनं काढायचे आणि दर वर्षी एखादं पोर विचारायचं, "बाई, काळा म्हणता आणि निळा का रंगवता?" मी हसून पुढचा देश घ्यायचे. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ठरवलं, की एकदा जाऊन बघायचं. इस्तंबूल, अंकारा, तिथून पूर्वेकडे आगगाडीनं कार्स, मग डोंगर उतरून समुद्र, मग जॉर्जिया. आई तेव्हा ब्याऐंशीची. तिनं विरोध केला नाही. कुणाबरोबर जातेस, काय खाशील, यातलं काही विचारलं नाही. पडवीच्या पायरीवर उभी राहून नेहमीचंच बोलली, "पोचल्याचं कळव." मी चिपळूणला बाजाराला निघाले तरी ती हेच म्हणायची.

अंकारा ते कार्स ही गाडी तेराशे किलोमीटर जाते, एक अख्खा दिवस आणि वर काही तास. रात्री कधीतरी झोप लागली आणि जाग आली तेव्हा खिडकीला लागून फुरात, म्हणजे युफ्रेटिस, नदी वाहत होती. जी नदी मी पोरांकडून नकाशात शंभर वेळा गिरवून घेतली, ती हाताच्या अंतरावर, मातकट हिरवी, दगडांवरून उड्या मारत. मी रडले. समोरच्या बाकावरच्या बाईला वाटलं मला घरची आठवण झाली. तिनं पिशवीतून एक पिवळं, सफरचंदासारखं फळ काढलं, चाकूनं फाका केल्या आणि एक माझ्या तळहातावर ठेवली. तुरट, आवळ्याच्या जवळपास जाणारी चव. पुढच्या चार तासांत आम्ही दोघींनी मिळून ते फळ संपवलं आणि एकमेकींचा एक शब्दही आम्हांला कळला नाही. त्या देशात अनोळखी बाईलाही 'अब्ला', म्हणजे ताई, म्हणतात. लांब पल्ल्याच्या बसमध्ये एकट्या बाईच्या शेजारी परका पुरुष बसवत नाहीत. गाडी सुटली की एक मुलगा येऊन प्रत्येकाच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओततो, मग चहा आणतो. हात चोळून नाकाशी धरायचे. माझ्या ओढणीला तो वास पुढे कितीतरी दिवस होता.

कार्स सतराशे मीटरवर आहे. उघडं, वाऱ्याचं पठार, मैलोन्‌मैल गवत, त्यावर गुरं. तिथून काळ्या समुद्राकाठच्या होपाला जाणारी बस डोंगर उतरू लागली आणि दोन-तीन तासांनी माझ्या अंगावर काटा आला. मला ते उतरणं ओळखीचं होतं. कुंभार्ली घाटातून खाली येताना एका वळणावर हवा बदलते, कोरडी पाठ ओली होते, कानांत दडे बसतात, आणि मातीचा वास नाकात शिरतो. अगदी तसंच. धुकं, कातळावरून घसरणारं पाणी, शेवाळ धरलेली छपरं, डोंगरउतारावर एकेकटी विखुरलेली घरं. तुर्कस्तानातला सगळ्यात जास्त पाऊस याच कोपऱ्यात, रिझेच्या आसपास पडतो. उतारांवर चहाचे मळे आणि फिंदिकची, म्हणजे गोल कवचाच्या हेझलनटची, झाडं. बायका पाठीवर टोपल्या बांधून वर चढत होत्या. मला वाटलं, बस चुकून संगमेश्वरात शिरली.

वाटेत दरड कोसळली होती. यावर कोकणातल्या माणसाला जास्त सांगायला नको. चार तास बस जागेवर उभी. होपाला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, पाऊस आडवा मारत होता, आणि सरहद्दीपलीकडे नेणारी शेवटची गाडी केव्हाच निघून गेली होती. मी ज्या चहाच्या दुकानात आडोसा घेतला, त्याचा मालक खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवत होता. माझ्याच बसमधून उतरलेली एक म्हातारी दारात थांबली होती, डोक्याला रंगीत फडकं, हातात पोतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मालकाला काहीतरी विचारलं, त्यानं खांदे उडवले. मग ती आत आली आणि तिनं माझं मनगट धरलं. हात नाही, मनगट. पोर रस्त्यात धावेल म्हणून धरतात तसं. बाहेर तिच्या पुतण्याचा लहानसा टेम्पो उभा होता. मी बसले. विचार करून बसले असं सांगितलं तर ते खोटं होईल.

घर वर, मळ्यांच्या मध्ये. तळाला दगडाची जोती, वर लाकूड. आत लोखंडी शेगडी पेटलेली, तिच्यावर एकावर एक दोन किटल्या, खालच्यात पाणी, वरच्यात चहाचा अर्क. मक्याची भाकर, काळ्या कोबीचं कढण, आणि मक्याच्या पिठात घोळवून तव्यावर गोल रचून तळलेले हम्सी. पहिला घास घेतला आणि मी "मांदेली!" असं मराठीत मोठ्यानं म्हणाले. खरंच नात्यातलेच मासे, दोन्ही एकाच कुळातले. म्हातारीनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग आम्ही दोन्ही भाषांत सापडणारे शब्द शोधत बसलो. चाय. शेकेर, म्हणजे साखर. साबून. हवा. दुन्या. प्रत्येक शब्द जुळला की ती टाळी वाजवायची. जावेशी मात्र ती वेगळ्याच भाषेत बोलत होती. ती लाझ, जॉर्जियन भाषेची बहीण. शाळेत एक, घरात एक. आमच्याकडेही पोरं शाळेत 'होते' म्हणतात आणि फाटकात शिरली की 'व्हते' होतं, ते मला आठवलं.

तिनं मला आतली खोली दिली. लोकरीचे मोजे दिले. दार लावून घेतलं आणि मग मला भीती वाटली. बसमध्ये नाही, टेम्पोत नाही, ती त्या उबदार खोलीत वाटली. मी कुठे आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. दाराला आतून कडी नव्हती. मी पारपत्र आणि पैसे उशीखाली घातले आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची उचलून दाराला आतून टेकवून ठेवली, कुणी ढकललं तर आवाज यावा म्हणून. बाहेर लाकडी जमिनीवर बराच वेळ पावलं वाजत होती. पहाटे कधीतरी डोळा लागला.

सकाळी म्हातारी चहा घेऊन आली. दार ढकललं आणि खुर्ची लाकडी जमिनीवर करकरली. ती थांबली. अर्ध्या उघड्या दारातून तिनं खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अंथरुणात उठून बसले होते आणि माझ्या तोंडातून कुठल्याच भाषेतला शब्द फुटत नव्हता. तिनं हात घालून खुर्ची बाजूला केली, चहाचा पेला माझ्या हातात दिला, आणि जाताना खुर्ची उचलून बाहेर शेगडीपाशी नेऊन ठेवली, तिच्या जागेवर. चेहऱ्यावर राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

रस्ता त्या दिवशीही बंद होता. मी दुसरी रात्र तिथेच राहिले. खुर्ची शेगडीपाशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी पुतण्या मला सरहद्दीवर सोडायला निघाला. म्हातारीनं फिंदिकची पुरचुंडी दिली, मोजे परत घेतले नाहीत, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटली. गाडी सुटली तेव्हा ती तांब्याभर पाणी घेऊन अंगणात आली आणि ते तिनं आमच्या मागे रस्त्यावर ओतलं. मला धस्स झालं. आपल्याकडे कुणाच्या पाठीमागे पाणी ओतत नाहीत. सरहद्दीपलीकडे, जॉर्जियातल्या बातुमीला, एका शिकणाऱ्या मुलीनं अर्थ सांगितला: पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये. वाटेत अडथळा येऊ नये म्हणून ओततात. तिनंच आणखी एक सांगितलं, की न बोलावता दारात आलेल्या माणसाला तुर्कीत 'तान्री मिसाफिरी' म्हणतात, देवाचा पाहुणा. मिसाफिर म्हणजे पाहुणा. तोच अरबी शब्द आपल्याकडे मुसाफिर झाला आणि त्याचा अर्थ प्रवासी राहिला. एकच शब्द, आणि दाराच्या दोन बाजू. आम्ही तो बाहेरून वापरतो, ते आतून.

जॉर्जियात महिनाभर होते. तिथले ते लांबत जाणारे जेवणाचे बेत, प्रत्येक पेल्याआधी उठून केलेलं भाषण, ते सगळं इथे लिहीत नाही. एक गोष्ट मात्र सांगते. तिबिलिसीच्या डोंगरावर 1958 साली उभारलेला वीस मीटर उंचीचा एका बाईचा पुतळा आहे. तिच्या एका हातात द्राक्षमद्याचा वाडगा आणि दुसऱ्या हातात तलवार. मित्र आला तर वाडगा, शत्रू आला तर तलवार. मी खालच्या रस्त्यावरून तिच्याकडे रोज बघायचे. दोन्ही हात सारखेच तयार. येणारा कोण ते आधी बघून घ्यायचं, मग हात पुढे करायचा. होपाच्या म्हातारीनं काय बघून घेतलं होतं? चहाच्या दुकानाच्या दारातून, अर्ध्या मिनिटात?

होपाहून निघताना म्हातारीच्या नातवाचा फोन नंबर पुतण्यानं माझ्या वहीत लिहून दिला होता. घरी पोचलीस की कळव, असं त्यानं खुणेनं सांगितलं, विमान दाखवून, घर दाखवून. मी हो म्हटलं. ती खूण मला पूर्ण कळली होती, ब्याऐंशी वर्षांच्या एका बाईनं ती मला जन्मभर शिकवली होती.

मी कळवलं नाही.

डिसेंबरात घरी आले आणि पंधरा दिवसांत आई गेली. मग दिवस, मग कागदपत्रं, मग आजारपण माझंच. फेब्रुवारीत वही हाती लागली तेव्हा वाटलं, एवढ्या उशिरा काय लिहायचं. उशीर झाला की लाज वाढते, लाज वाढली की आणखी उशीर होतो. शाळेनं बोलावून शाल-श्रीफळ दिलं, 'एकटीनं एवढं धाडस' म्हणाले. मी पोरांना हम्सीची गोष्ट सांगितली, फुरात सांगितली, पाण्याचा तांब्याही सांगितला. खुर्चीची गोष्ट सांगितली नाही. तो नंबर दोन फोन बदलले तरी मी पुढच्या फोनमध्ये नेत राहिले. 'होपा नातू'. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा भावाच्या घरात छातीएवढा चिखल होता. कुठून कुठून आलेली पोरं फावडी घेऊन तीन दिवस राबली. पोहे खाल्ले, चहा प्याली, नावं न सांगता पुढच्या घरात गेली. त्यांनाही आम्ही कधी सांगितलं नाही, की घर उभं राहिलं, भिंतीला रंग लागला.

आमच्या जुन्या घराला मोठी पडवी होती. तिथे उंबऱ्याच्या बाहेर पण छपराच्या आत, अशी एक जागा होती, आणि त्या जागेचे नियम वेगळे होते. दाभोळची शेवटची होडी चुकलेला माणूस तिथे झोपायचा. कासार झोपायचा, गोसावी झोपायचे, शिमग्यात खेळे आले तर त्यांची अख्खी रांग घोरायची. आजी खुंटीला दोन घोंगड्या कायमच्या टांगून ठेवायची. आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा, मग पाणी, नाव-गाव त्यानंतर. तिच्या लहानपणी मुंबईहून येणारी आगबोट बंदराला लागत नसे, बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला आणायचे. भिजलेला, मळमळलेला परका माणूस बघायची त्या पिढीला सवय होती. उंबरा तोच, पण पडवीमुळे घरात न घेताही माणसाला आसरा देता यायचा. त्या पडवीला लोखंडी ग्रिल मी बसवलं. 2012 साली. वाडीत चोऱ्या झाल्या होत्या आणि आई एकटी असायची. कारण खरं होतं आणि आजही आहे. पण घोंगड्यांची खुंटी ग्रिलच्या आत गेली आणि तिच्यावर आता माझ्या छत्र्या असतात.

शिमगा उरकला, मुंबईची माणसं गेली, आणि त्या रिकाम्या घरात मी एका जुन्या मुसाफिराबद्दलचं वाचत बसले. साडेपाचशे वर्षांपूर्वी रशियातल्या त्वेरचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी आपल्या चौलला उतरला. विकायला घोडा आणला होता. जुन्नरच्या खानानं तो काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. तेव्हा खुरासानच्या एका माणसानं रदबदली करून त्याला सोडवलं आणि घोडाही परत मिळवून दिला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, ते बघितलेले पुष्कळ असतील. मला माहीत नव्हतं ते हे, की परत जाताना तो जहाजात बसला दाभोळला. माझ्या रोजच्या दाभोळला. वाऱ्यानं जहाज आधी आफ्रिकेकडे नेलं, मग होर्मुझ, मग इराण, आणि शेवटी काळ्या समुद्रावरचं त्राब्झोन. होपापासून त्याच किनाऱ्यानं बसनं काही तास. तिथल्या अधिकाऱ्यांनी झडतीच्या नावाखाली त्याच्याजवळचं चांगलं ते सगळं लुटलं. तरी समुद्र ओलांडून तो घराकडे चालत राहिला आणि स्मोलेन्स्कला पोचण्याआधी वारला. त्याच्या वह्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन पोचवल्या. ज्या किनाऱ्यावर मला मोजे आणि मासे मिळाले, तिथे आमच्या दाभोळहून गेलेल्या माणसाचं गाठोडं उचकलं गेलं. हे वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि ठरवलं, धोपाव्याला जायचं.

धक्क्यावर तिकिटं फाडणाऱ्या पोराला विचारलं. त्याला लगेच आठवलं. "सायकलवाला ना? त्यो मावशीकडं राह्यला की त्या राती." त्यानं हातानं दाखवलं. धक्क्याच्या वरच्या अंगाला, वाळत घातलेल्या सुकटीच्या पलीकडे, कौलारू घर. दारात साठीची खारवीण जाळ्याच्या गाठी सोडवत बसली होती. मला ओळखलं, तिची सून माझ्या हाताखाली शिकलेली. "या बाई," म्हणाली, आणि पाट सरकवला.

मी विषय काढला. ती हसली. "पोरगा व्हता ओ. चढ बघून गपगार हुबा. मी म्हनलं, कुठं जातंस रातीचा? त्याला काय कळलं न्हाय. मंग मी सायकलच धरली आन् चालाय लागले. आला मागनं." जेवायला तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण होतं. "तिखट लागलं त्याला. डोळ्यातनं पानी. तरी ताट पुसून खाल्लान." मुलगा बोटीवर गेलेला, घरात ही, सून आणि सहा वर्षांचा नातू. तंबू लावू दिला नाही, ओट्यावर वाकळ घातली.

"भीती नाही वाटली, मावशी?" मी विचारलं.

"वाटली की!" ती एकदम म्हणाली, मी काही विचित्र विचारल्यासारखं. "रातभर डोळ्याला डोळा न्हाय माजा. कोन, कुठला. पोर घरात. चार येळा उठले बाई, दाराच्या फटीतनं बघितलं. त्यो आपला घोरतोय." तिनं गाठ सोडवली, दुसरी धरली. "पर बाहेर कसा ठेवनार?"

तिची सून चहा घेऊन आली. मी कप हातात धरून बसले आणि मला ती लाकडी जमिनीवरची पावलं ऐकू आली. होपाच्या घरात, दाराच्या पलीकडे, मध्यरात्र उलटून गेल्यावरही वाजणारी. सहा वर्षं मी ती रात्र अशी सांगत आले होते, स्वतःलाही, की आत मी जागी होते आणि बाहेर एक निर्धास्त घर होतं. ती पावलं कुणाची, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या घरात जाऊ होती, आतल्या खाटेवर झोपलेलं कुणी होतं, आणि दाराआड एक परकी बाई होती, जिच्या पिशवीत काय आहे ते तिला माहीत नव्हतं, जिची भाषा कळत नव्हती, आणि जिनं दाराला खुर्ची लावली होती. खुर्ची सरकवल्याचा आवाज तिला रात्रीच आला असणार. तरी सकाळी चहा घेऊन ती आली.

"काय झालं बाई? साखर कमी हाय काय?"

मी मान हलवली. दुपारची बोट लागत होती. मला बहिणीकडे जायचं होतं, मी उठले. मावशी अंगणाच्या टोकापर्यंत आली. तिथे थांबून म्हणाली, "नातवाचा नंबर लिवून घेतलान त्यानं. घरी गेलो की कळवतो म्हनून सांगितलान, हातानं. तुमी शिकलेल्या, तुमाला म्हाईत असंल. किती दिस लागतात वो तिकडं जायाला? पोचला असंल काय?"

"पोचेल, मावशी," मी म्हटलं. "कधीकधी उशीर होतो कळवायला."

"उशीर होऊ दे," ती म्हणाली. "पर कळवू दे."

बोट सुटली. मी गाडीतून उतरून कठड्यापाशी उभी राहिले, तो उभा होता त्याच बाजूला. डावीकडे अंजनवेल, उजवीकडे दाभोळची मशीद, मध्ये भरतीचं पाणी आत चढत होतं. फोन काढला. 'होपा नातू' शोधायला वेळ लागला नाही. भाषांतराच्या सोयीनं तुर्कीत लिहिता आलं असतं, मोठं पत्रही लिहिता आलं असतं, आई गेल्याचं, लाजेचं, खुर्चीचं. मी दोनच शब्द लिहिले, बातुमीच्या त्या मुलीनं तेव्हा कागदावर लिहून दिलेले, पोचलीस की पाठवायचे म्हणून. एवे वार्दम. घरी पोचले.

पाठवलं. एक टिक आली. बोट दाभोळच्या धक्क्याला लागेपर्यंत मी दुसरीची वाट बघत होते.